देवमाशाची नक्कल

पांढऱ्या रंगाची अर्धी बाटली.

देवमाशाचा डोळा.

चारकोपच्या एका खोलीत, शिवणयंत्रावर आडवी टाकलेली फळी.

"मावशी, हात नका लावू."

खळ. तपकिरी कागदाची एक पट्टी, दोन बोटं रुंद.

मुलुंडच्या भिंतीतला एक खिळा, पंचवीस वर्षं जागचा न हललेला.

एका माणसाच्या तोंडून फार उशिरा निघालेले दोन शब्द.

मित्रांनो, या गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध, असं तुम्ही विचाराल. संबंध एवढाच, की त्या सगळ्या माझ्या अंगावरून गेल्या आहेत. मी एक जुनी नक्कल आहे.

लगेच तोंड वाकडं करू नका. आधी मला नीट पाहा. मी चित्रकथेतलं एक पान आहे, जाड कागदावर शाईने काढलेलं, दीड हात उंच. खाली एक इवलीशी होडी आहे. होडीत एकटा नाखवा आहे. त्याच्यासमोर समुद्र फोडून देवमासा वर येतो आहे. तो इतका मोठा आहे, की त्याची शेपटी चौकटीत मावलेली नाही. नाखव्याच्या हातातलं वल्हं गळून पडतंय आणि ते अजून पाण्यापर्यंत पोचलेलं नाही. छत्तीस वर्षं झाली, अजून पोचलेलं नाही.

तेव्हा घाटकोपरच्या एका छापखान्यातून 'गलबत' नावाचं मुलांचं मासिक निघायचं. त्यातल्या चित्रकथा मार्तंड साळसकर काढायचे. आणि चित्रातल्या माणसांच्या तोंडाजवळ जे फुगे असतात ना, त्यातले शब्द कुंदा साळवे लिहायच्या. संगणक नव्हता. प्रत्येक अक्षर कुणीतरी हाताने काढायचं. मासिकात चित्रकाराचं नाव छापायचे, फुगे भरणाऱ्या हाताचं नाही. तशी पद्धतच होती आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे.

एका शनिवारी देवमाशाचं मूळ पान कुंदाताईंच्या टेबलावर आलं. नाखव्याचा फुगा भरायचा होता. शब्द दोनच होते, "आई गं!" कुंदाताईंनी ते लिहिले आणि मग त्या पुढचं काम विसरल्या. शेजारच्या टेबलावरून कुणीतरी म्हणालं, "काय गं, लागली का समाधी?" त्या म्हणाल्या, "हे बघ. यांनी आधी डोळा मोठा काढला होता. मग पांढऱ्या रंगाने झाकला आणि लहान केला. डोळा लहान केला, तेव्हा मासा मोठा झाला."

त्या दिवशी त्यांनी संपादकांची परवानगी घेतली. दर शनिवारी मूळ पान घरी न्यायचं, सोमवारी सकाळी परत आणायचं. असं नऊ आठवडे चाललं.

चारकोपच्या त्यांच्या घरात टेबल नव्हतं. वहिनीच्या शिवणयंत्रावर फळी टाकायची, फळीवर डावीकडे मूळ पान ठेवायचं, उजवीकडे मी. मी तेव्हा कोरी होते. मूळ पानाकडे पाहून मला धडकीच भरायची. एवढा समुद्र माझ्यात कसा मावणार? पण रविवार उजाडला की एकेक लाट यायची. पहिल्या रविवारी नुसती होडी झाली. तिसऱ्या रविवारी नाखव्याची पाठ झाली. आई स्वयंपाकघरातून ओरडायची, "कुंदे, मासा काढतेस का पकडतेस? दोन महिने झाले! एवढ्यात ससून डॉकवरून टोपलीभर आले असते." कुंदाताई हसायच्या, पण त्यांचा हात हलायचा नाही.

आठव्या रविवारी डोळा आला. त्यांनी तो एका दमात काढला, जसा हवा तसा, लहान आणि शांत. मग त्यांनी पांढऱ्या रंगाची बाटली उघडली. मला काही कळेना. चूक तर झाली नव्हती! पण त्यांनी मूळ पानावरचा पांढरा डाग जिथे होता, तिथेच, तेवढाच, तसाच डाग माझ्यावर दिला. मार्तंडरावांच्या कुंचल्याचा एक केस तिथे चिकटून राहिला होता, त्याचीही बारीक रेघ त्यांनी काढली.

नवव्या रविवारी त्यांनी मला उलटी केली आणि पाठीवर, खालच्या कडेला लिहिलं: 'मूळ चित्र: मार्तंड साळसकर. नक्कल: कुंदा साळवे, चारकोप.' मित्रांनो, मला जन्म लाटांनी दिला असेल, पण माझं बारसं त्या ओळीने झालं.

सोमवारी त्या मला वर्तमानपत्रात गुंडाळून छापखान्यात घेऊन गेल्या. मार्तंडराव आले होते. त्यांनी मला पाहिलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"साळवेबाई, हे छापायला गेलं होतं ना? इथे कसं?"

कुंदाताईंनी मूळ पान शेजारी ठेवलं. मार्तंडराव कितीतरी वेळ एकदा इकडे, एकदा तिकडे पाहत राहिले. मग त्यांनी मला उलटून पाठ वाचली. मोठ्या माणसांचे डोळे भरून येतात हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

"हे मला द्याल?" ते म्हणाले. "छापखाना माझं एकही पान परत देत नाही. माझ्या घरात माझंच काही नाही हो."

अशी मी मुलुंडला गेले. पंचवीस वर्षं त्यांच्या भिंतीवर राहिले. पाहुणे आले की ते मला खिळ्यावरून उतरवायचे, उलटी करायचे आणि आधी माझी पाठ दाखवायचे. चित्र नंतर. केवढा मान होता तो!

(इथे एक चौकट कोरी आहे. या चौकटीत मार्तंडराव गेले.)

इमारत पाडायला निघाली. घर रिकामं करायला आलेल्यांना मी एक जुनं पान वाटले. रद्दीच्या गठ्ठ्यात मी स्वयंपाकाच्या पुस्तकांखाली दबून पडले. माझ्या एका कोपऱ्याला वाळवी लागली. पाच-सहा वर्षं मी प्रकाश पाहिला नाही. मग एक दिवस दोन बोटांनी मला अलगद बाहेर ओढलं आणि एक आवाज म्हणाला, "अरे देवा."

तो हर्षद होता. बोरिवलीच्या एका गल्लीत त्याचं जुन्या चित्रकथांचं दुकान आहे. तिथे मासिकांचे जुने अंक असतात आणि क्वचित एखादं हाताने काढलेलं मूळ पानही. मित्रांनो, मूळ पानं जमवणारी माणसं अजब असतात. ती कागद हुंगतात. शाईचा उंचवटा बोटाने चाचपतात. काहींना ती गोष्ट कुणाची, पुढे काय होतं, तेही ठाऊक नसतं. त्यांना फक्त 'मूळ' हवं असतं. पण काही जण पानासमोर उभे राहतात आणि त्यांचं तोंड उघडं पडतं. त्यांना मी काहीही माफ करते.

हर्षद या दुसऱ्या प्रकारातला. आणि दुकानदार म्हणून चोख. अंक पुन्हा छापलेला असेल तर त्यावर तो पेन्सिलीने तसं लिहायचा. पान फाटलेलं असेल तर गिऱ्हाईकाने विचारायच्या आधी सांगायचा. दुकानात त्याने एक काचपेटी ठेवली होती. काचेखाली दिवा होता. त्यावर चित्र ठेवून तो नव्या लोकांना शिकवायचा, "बघ, पांढऱ्याखाली चित्रकाराची पहिली चूक दिसते. मूळ चित्राची ही खूण." पंधरा वर्षांत लोकांनी त्याचा शब्द कधी तपासला नाही.

त्याने मला दुकानात आणलं, उलटी केली आणि पाठ वाचली. परत वाचली. चष्मा काढून ठेवला. समोरचा चहा निवला तरी त्याने घेतला नाही.

मला त्याचं मन दिसत होतं. पवईचा देवेश तीन वर्षं त्याच्या मागे लागला होता, "हर्षददादा, मला साळसकरांचं एक पान शोधून द्याच." लहानपणी 'गलबत'वरूनच देवेश वाचायला शिकला होता. हर्षदने त्याला शब्द दिला होता. साळसकरांचं एकही पान कुठे उरलं नव्हतं, आणि 'मी शोधून काढलं' असं म्हणण्याचा आनंद हर्षदला हवा होता. पैशांपेक्षाही तोच जास्त हवा होता. त्याने तपकिरी कागदाची एक पट्टी कापली, खळ लावली आणि माझ्या नावावर दाबली.

मग मला चौकटीत घालून टांगलं. खाली पाटी होती: 'मार्तंड साळसकर. मूळ चित्र.' त्याने माझा फोटोही फोनवरून सगळ्यांना पाठवला.

मित्रांनो, कुणी तुम्हाला दुसऱ्याच्या नावाने हाक मारून तुमचं कौतुक केलं तर तुम्हाला कसं वाटेल? लोक म्हणायचे, काय हात आहे साळसकरांचा! आणि मला ओरडून सांगावंसं वाटायचं, हो, पण हा हात चारकोपचा आहे. मला तेवढंच हवं होतं. माझं नाव परत हवं होतं.

शनिवारी दुपारी देवेश मला न्यायला आला. तो माझ्यासमोर उभा असतानाच दारातून एक म्हातारी बाई आणि तिची भाची आत आल्या. भाचीच्या हातात फोन होता.

"आत्या, हेच का गं?"

"हेच, शीतल." बाईने हात पुढे केला.

"मावशी, हात नका लावू," हर्षद म्हणाला. "मूळ चित्र आहे."

"मूळ? अरे बाबा, हे मी काढलंय."

देवेश हसला. "मावशी, हे मार्तंड साळसकरांचं आहे. ही पांढरी दुरुस्ती बघा ना. कॉपी करणारा चूक कशाला करेल?"

"चूक त्यांची. पांढरं माझं," कुंदाताई म्हणाल्या. "आणि अक्षरं म्हणशील, तर ती दोन्हीकडे माझीच. पाठ उघड. नाव लिहिलंय मी."

"पाठीवर काही नाहीये," हर्षद म्हणाला. त्याचा आवाज जरा चढला. "आणि आता फ्रेम उघडली तर तिची वाट लागेल."

"काही नाही, तर मग घाबरताय कशाला?" शीतल म्हणाली. "उघडा की!"

"थांब गं," कुंदाताई म्हणाल्या. त्यांची नजर काचपेटीवर गेली होती. "यावर ठेव. त्यांनी डोळा दोनदा काढला होता. मी एकदाच."

देवेश हर्षदकडे पाहत होता. "ठेवा ना, दादा. तुम्हीच तर शिकवलंत. मी इतके दिवस तुमच्या शब्दावरच गेलो, नाहीतर आधीच बघितलं असतं."

हर्षद 'नाही' म्हणू शकला असता. म्हातारीला चहा पाजून वाटेला लावू शकला असता. देवेशने त्याच्यावरच विश्वास ठेवला असता. मला तो क्षण आठवतो. नाखव्याचं वल्हं हवेत होतं, तसा त्याचा हात हवेत होता. मग त्याने मला उतरवलं, चौकटीतून काढलं आणि काचेवर ठेवलं. दिवा लावला.

मित्रांनो, प्रकाश मागून येतो तेव्हा कागदाला काही लपवता येत नाही. माझा सगळा समुद्र पेटला. नाखव्याच्या पाठीवरची एकेक रेघ तारेसारखी उभी राहिली. चौघेही खाली वाकले. देवमाशाच्या डोळ्याभोवती पांढरा डाग होता. त्या डागाखाली काहीच नव्हतं. एक रेघ नाही, एक ठिपका नाही. कधी तडा न गेलेल्या भिंतीला कुणीतरी प्रेमाने गिलावा करावा, तसं ते होतं.

"काहीच नाही," देवेश पुटपुटला. "मावशी, चूक नव्हती, तर पांढरं कशाला लावलंत?"

"त्यांनी लावलं होतं म्हणून. नक्कल अर्धी कशी करायची?"

देवेशचं तोंड उघडंच राहिलं होतं. आणि तेवढ्यात त्याला माझ्या खालच्या कडेला, उजेड अडवणारी एक काळी पट्टी दिसली.

"दादा, ही पट्टी कसली?"

हर्षदने दिवा बंद केला नाही. तो म्हणाला, "मी लावली."

मग त्याने कापूस ओला केला आणि ती पट्टी भिजवायला बसला. अर्धा तास लागला. कुणी उठून गेलं नाही. पट्टी निघाली, पण तिच्याबरोबर माझ्या नावातली तीन अक्षरं निघून गेली. कुंदाताईंनी शीतलकडून पेन घेतलं आणि ती अक्षरं परत लिहिली. वळण तेच होतं.

देवेशने मला घेतलं नाही. "मला मूळ हवं होतं," तो म्हणाला आणि खाली मान घालून गेला. हर्षदकडे तो अजून येतो, पण आता प्रत्येक पान काचपेटीवर ठेवून बघतो. हर्षदला ते लागतं. लागू दे. काही गिऱ्हाइकं यायचीच थांबली, कारण कुणीही माझ्याबद्दल विचारलं, की हर्षद स्वतःहून सांगतो, "हे मी मूळ म्हणून विकायला निघालो होतो."

तो मला कुंदाताईंना परत द्यायला निघाला होता. त्या म्हणाल्या, "घरी कोण बघणार? इथे पोरं येतात. राहू दे. फक्त उलटी करून दाखवत जा." आता मी दोन काचांच्या मध्ये आहे, पुढून चित्र आणि मागून नाव. मी विकायला नाही.

मित्रांनो, तुम्हाला एखादं चित्र फार आवडलं तर त्याची नक्कल जरूर करा. त्या चित्राच्या इतकं जवळ जायला दुसरी वाट नाही. पण पाठीवर खरं लिहा. कुणाचं चित्र घ्याल, तर त्याला उन्हापासून आणि वाळवीपासून जपा, आणि टांगण्याआधी एकदा त्याची पाठ वाचा. कुणाच्याही नावावर कागद चिकटवू नका. तो काढता येतो, पण काही अक्षरं त्याच्याबरोबर जातात.

मार्तंड साळसकर डावखुरे होते, आणि त्यांच्या रेघांचा कल यावा म्हणून उजव्या हाताच्या कुंदाताईंनी तो सगळा समुद्र मला आडवी धरून काढला होता.