विहिरीचं पाणी पुरतं

मी एक लखोटा बोलतोय. तोंडावर लाल लाख आणि पोटात फक्त एक नाव. एवढ्याशा ऐवजावर आयुष्याची गोष्ट सांगायला बसावं का, याची माझी मलाच शंका आहे.

न्यू इंग्लंडमधल्या एका कॉलेजच्या वसतिगृहात आसाहेल पुट्नीने मला घडवलं. कोऱ्या कागदावर नाव लिहिलं, घडी घातली, लाखेने तोंड बंद केलं. निबंधस्पर्धेचा रिवाजच तसा. निबंधावर फक्त बोधवाक्य, तेच लखोट्यावर. निबंध जिंकला तरच लखोटा फोडायचा, नाहीतर तसाच जाळायचा. बाकीचे लॅटिन वचनं शोधत होते. याने लिहिलं, ‘विहिरीचं पाणी पुरतं.’

“परीक्षकांना वाटेल, गवळ्याने लिहिलंय,” शेजारचा रूफस म्हणाला.

“वाटू दे. दुधात नाही घातलं म्हणजे झालं.”

विषय होता विद्यार्थ्यांचं मद्यपान. आसाहेलचा खोलीतला सोबती लेम्युएल आदल्या वर्षी पदक जिंकला होता. पदकाच्या मेजवानीत कॉलेजच्या विश्वस्तांनीच कौतुकाने त्याच्या हातात वाइनचा पहिला पेला दिला. दारू म्हणजे रम, वाइन नव्हे, असा त्या सज्जनांचा प्रामाणिक समज. यंदा तो पिऊन प्रार्थनेला आला, तेव्हा त्यांनीच त्याला काढून टाकलं. आसाहेलने हे सगळं, लेम्युएलचं नाव न घेता, एका परिच्छेदात लिहिलं. जिंकलेला निबंध पदवीदानात सगळ्यांसमोर वाचला जाई; तो परिच्छेद विश्वस्तांना ऐकवायचा, एवढ्यासाठीच त्याला जिंकायचं होतं.

मी परीक्षकांच्या मेजावर पडून होतो. आतलं नाव नीट आहे ना, एवढीच काळजी.

“निबंध पहिला आहे,” प्राध्यापक व्हिटलॉक म्हणाले.

“त्याला तो परिच्छेद काढायला सांगा,” प्राचार्य म्हणाले.

“कुणाला सांगू, प्राचार्यसाहेब? नाव आत आहे.”

“मग फोडा.”

“जिंकल्याशिवाय फोडता येत नाही.”

“मग जिंकवा.”

“परिच्छेदासकट?”

प्राचार्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच प्यायलोय.

शेवटी पदवीदानाच्या मंचावरून पुकारा झाला. ‘विहिरीचं पाणी’ लिहिणाऱ्याने एक परिच्छेद गाळायचं कबूल केलं, तर पदक त्याचं. कबूल असेल त्याने वर यावं.

आसाहेल वर आला. मला उचललं आणि लाख फोडली. दुखलं, पण मी फाटलो नाही.

“आसाहेल पुट्नी,” त्याने वाचलं. “परिच्छेद गाळणार नाही.” आणि तोच परिच्छेद तो तोंडपाठ म्हणू लागला.

“खाली बसा,” एक विश्वस्त म्हणाले.

“एवढं संपलं की बसतो, साहेब.”

संपवूनच तो बसला. पदक एका लॅटिन वचनाला गेलं. मेजवानीत वाइन आलीच. व्हिटलॉक सरांनी मात्र आपला पेला उपडा ठेवला.

मग आसाहेलने माझ्या आतल्या नावाखालच्या कोऱ्या जागेत तो परिच्छेद उतरवून मला लेम्युएलकडे धाडलं. त्याने तो दोनदा वाचला. “माझं नाव का नाही घातलंस, शहाण्या?” असं पुटपुटत त्याने दौत ओढली आणि खाली स्वतःचं नाव लिहिलं. आता मी त्याच्या भिंतीवर आहे, उघडा, दोन नावांचा. येणाराजाणारा वाचतो. माझं मागणं एवढंच: कुणी मला पुन्हा लाख लावून बंद करू नका.