मापाड्याचं वजन

दौलत डुंबऱ्यांनी कल्याणच्या मार्केट यार्डात चौतीस वर्षं मापाडी म्हणून काम केलं. शेतकऱ्याचा माल काट्यावर घ्यायचा, वजन मोठ्याने पुकारायचं, कारकुनाने ते लिहायचं. ओतूरकडचे कांदेवाले गाडी लावल्या लावल्या आधी विचारायचे, "काट्यावर दौलतनाना हायेत ना?" नाना असले तरच पोती खाली उतरायची. आता अशा माणसाला थोडा ताठा असणारच, आणि नानांना तो थोडा नव्हता, चांगला भरपूर होता.

मार्चमध्ये त्यांच्या गालातली गाठ ऑपरेशन करून काढली. तीस वर्षं दाढेखाली तंबाखू ठेवली, तिने भाडं वसूल केलं. मग बाळकुमच्या हॉस्पिटलात तीस दिवस शेक घ्यायचा ठरला. किरणांच्या उपचाराला आपल्याकडे सगळे शेकच म्हणतात, त्यामुळे ऐकणाऱ्याला वाटतं गरम पाण्याची पिशवीच असेल. "तीसच ना? तीस गाड्या उतरवल्या की झालं," नाना म्हणाले आणि बायकोला, शेवंतीला घेऊन रोज सकाळी कोनमार्गे कशेळीचा पूल ओलांडून बाळकुमला जायला लागले.

सांगितलेलं सगळं ते शिस्तीत करायचे. दर दोन तासांनी मीठ-सोड्याच्या पाण्याच्या गुळण्या. जबडा आखडू नये म्हणून आइस्क्रीमच्या लाकडी काड्यांची चळत दातांत धरून तोंड उघडण्याचा व्यायाम. तंबाखू बंद, तिखट बंद, मानेला तेल-हळद काही लावायचं नाही. फक्त जेवणाआधी तोंडात लावायचं बधिर करणारं जेल त्यांनी फ्रीजच्या दारात तसंच ठेवून दिलं. "ते लेच्यापेच्यांसाठी असतं," म्हणाले. इथेच शहाणपणाला भोक पडलं.

पहिल्या दिवशी आहार सांगणाऱ्या कल्पितामॅडमनी त्यांना काट्यावर उभं केलं, तेव्हा नानांनी आधी काट्याखालची फरशी सपाट आहे का ते पाहिलं आणि विचारलं, "याच्यावर सरकारी शिक्का कधीचा?" कल्पिता हसून हसून बेजार झाली. मग तिने नीट समजावलं, "काका, वजन चौसष्ट आहे. ते टिकवायचं. वजन टिकलं की तोंडातल्या जखमा लवकर भरतात, शेकात खंड पडत नाही. साठच्या खाली गेलात तर नाकातून पोटात नळी घालू. थोड्या दिवसांपुरतीच, घाबरू नका."

नाना कधी सापाला भ्यायले नव्हते, पण नळीला भ्यायले. त्यांच्या थोरल्या भावाला अशीच नळी लागली होती आणि आठव्या दिवशी घरातून तिरडी निघाली होती. नळी म्हणजे शेवट, हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं. हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही, शेवंतीलाही नाही.

तिसऱ्या आठवड्यात तोंड आलं. जीभ, गाल, घसा, सगळीकडे सोललं. शेवंती पेज करायची, दुधात शिजवलेल्या शेवया, गुरगुट्या भात. नाना दोन चमचे कसेबसे गिळायचे, डोळ्यांतून पाणी यायचं आणि हात आडवा करून म्हणायचे, "बास." तिने "आणखी घालू?" म्हटलं की तेच, "बास." घरात दिवसभर तो एकच शब्द ऐकू यायचा.

आणि मग आयुष्यात जे केलं नव्हतं ते नानांनी केलं. काटा मारला. माळ्यावर जुनी लोखंडी वजनं पडली होती, त्यातली एकेक किलोची दोन आणि अर्ध्याचं एक बंडीच्या आतल्या खिशात घातलं, वर सदरा चढवला आणि सोमवारी काट्यावर उभे राहिले. वजन झालं की शेकाला जाण्याआधी कपडे बदलायच्या आडोशाला बंडी काढून पिशवीत टाकायची. एक सोमवार सहज पार पडला. दुसऱ्या सोमवारी काटा म्हणाला साठ सातशे, आणि कल्पितानेही शाबासकी दिली.

पण माणसाला फसवता येतं, मुखवट्याला नाही. शेक देताना चेहऱ्यावर जाळीचा मुखवटा घट्ट बसवून टेबलाला अडकवतात, म्हणजे डोकं केसभरही हलत नाही. त्या दिवशी मशीनवरच्या सम्यकने मुखवटा बसवला आणि जबड्यापाशी त्याचं बोट आरामात आत गेलं.

"काका, हा ढिला झालाय. आज शेक नाही देता येणार."

"मी हलत नाय रे. तू दे."

"तुम्ही नाही हलणार, पण किरणं सरकतील ना. लाळेच्या ग्रंथी वाचवायला एवढं प्लॅनिंग केलंय, त्याच भाजून निघतील. मग जन्मभर तोंड कोरडं. मी नाही रिस्क घेणार."

कल्पिता आली. तिने वजनाचा कागद पाहिला, नानांची हनुवटी पाहिली. "सकाळी साठ सातशे होतं. मग मास्क सैल कसा? काका, परत उभे राहा बरं."

तेवढ्यात बाकड्यावरून शेवंती उठली. पिशवीतून तिने बंडी काढली, दोन्ही हातांनी, खिशातलं लोखंड वाजू नये अशी सांभाळून, आणि त्यांच्यापुढे धरली.

"आधी ही घाला. आत एसीत गारठलात."

नानांनी तिच्याकडे पाहिलं. तिला ठाऊक होतं. ठाऊक असून ती ते लोखंड पिशवीतून परत कल्याणपर्यंत वाहून नेत होती. नानांना इतकी लाज वाटली, की तोंडातली आग क्षणभर जाणवेनाशी झाली. ज्या बाईने उभ्या जन्मात कुणाचं चिमूटभर मीठ उसनं ठेवलं नाही, तिला त्यांनी लबाडीत ओढलं होतं.

"राहू दे," ते म्हणाले. बंडी घेतली, खिशातली तिन्ही वजनं काढून कल्पिताच्या टेबलावर ठेवली आणि अनवाणी काट्यावर चढले. "अठ्ठावन्न दोनशे. लिहा."

कल्पिताने आकडा लिहिला.

"कधीपासून ठाऊक होतं?" नानांनी बायकोला विचारलं.

"गेल्या सोमवारपासून."

"मग बोलली का नाहीस?"

"थोरल्या भावजींचं बघितलंय मी. तुम्हाला नळी लागली की..." ती भर दालनात रडायला लागली.

कल्पिताने तिला खुर्चीवर बसवलं आणि विचारलं, "त्या भावजींना नळी कधी लावली होती, काकू?"

"अगदी शेवटी. महिनाभर पाणीसुद्धा उतरत नव्हतं. माणूस ओळखत नव्हते."

"म्हणजे ते नळीने नाही गेले. नळी त्यांच्यापर्यंत पोचलीच उशिरा. काका आत्ता चालत आलेत, भांडतायत. त्यांना लागली तर शेक पुरा होईल, आणि जखमा भरल्या की आपण ती काढून टाकू."

नानांनी थोडा विचार केला. कल्पिता-सम्यकचं सांगणं एका बाजूला आणि आपला हेका दुसऱ्या बाजूला, पारडं कुठे झुकतंय ते त्यांना कळत होतं.

"तर मग आजच घाला. आणि ते जेल पण द्या, घरी आहे ते मी लावलंच नाय."

दुपारपर्यंत नळी बसली. नाकात हुळहुळत होतं, घशाशी टोचत होतं, पण जीव गेला नाही. नव्या मुखवट्याचं माप घेतलं, परवापासून शेक पुन्हा चालू होणार होता. नर्सने शेवंतीच्या हातात मोठी सिरिंज दिली आणि गाळलेलं दूध-सातूचं पातळ कसं सोडायचं ते दाखवलं. तिला सिरिंज आणि वाटी एकदम धरता येईना. नानांनीच सिरिंज वर धरली आणि तिने वाटीतून हळूहळू ओतलं.

गिळावं लागलं नाही. घशात आग झाली नाही. छातीच्या खाली कुठेतरी ऊब उतरली आणि पसरली. नाना डोळे मिटून स्वस्थ बसले होते.

"त्रास होतोय का?" शेवंतीने घाबरून विचारलं. "बास करू?"

नानांनी डोळे उघडले. गेले पंधरा दिवस विसरलेली भूक त्यांना कडकडून लागली होती.

"अजून आहे का गं?"