सोनकुसऱ्यांचा नवा ईमेल

मोहाडीच्या खेमराज सोनकुसऱ्यांकडे चार हातमाग होते. त्यांवर विणलेला कोसा, म्हणजे टसर रेशमाचं कापड, गेली सहा वर्षं ज्या ईमेलवरून बाहेरगावी विकला जात होता, त्या ईमेलवर नाव होतं रीता पराते. रीता ही खेमराजांची सून आणि पराते हे तिचं माहेरचं आडनाव. तुमसरला कॉलेजात असताना तिनं हे फुकटातलं खातं उघडलं होतं. लग्न झालं, आडनाव बदललं, फोन तर तीनदा बदलले, पण ईमेल तोच राहिला. तो बदलायला हवा असं कुणाला सुचलंही नाही, कारण घरात तिच्याशिवाय तो कुणी उघडतच नव्हतं.

सुरुवात अगदी सहज झाली होती. पुण्यातल्या एका दुकानाला तिनं चार स्टोलचे फोटो पाठवले, दुकानवालीनं वीस स्टोल मागवले. मग त्या दुकानवालीनं दुसरीला सांगितलं, दुसरीनं तिसरीला. आता अशी अकरा दुकानं होती. दुपारी जेवून सगळे आडवे झाले की रीता मागाच्या खोलीत जमिनीवर बसायची आणि फोनवर उत्तरं लिहायची. कोणाला हळदीचा रंग हवा, कोणाचा काठ मागच्या खेपेला बोटभर लहान पडला, कोणाच्या मुलीचं लग्न ठरलं, सगळं तिला ठाऊक. घरातल्या पुरुषांना एवढंच ठाऊक होतं की ऑर्डर येतात.

२०१९च्या हिवाळ्यात नागपूरच्या प्रदर्शनात माशी शिंकली. एका व्यापाऱ्यानं खेमराजांच्या कार्डावरचा ईमेल वाचून विचारलं, "हे पराते कोण? तुमचे दलाल का?" शेजारच्या स्टॉलवाले हसले. खेमराज घरी आले ते तोंड पाडूनच.

"धंदा सोनकुसऱ्याइचा आन् पत्ता परात्याइचा!" ते ओट्यावरूनच गरजले. "लोक हासून राहिले मले!"

लगोलग भंडाऱ्याहून अनुपला बोलावणं गेलं. हा अनुप दुकानांच्या वेबसाइट करून द्यायचा. चहाचा कप हातात आल्यावर त्यानं समजावून सांगितलं. घरगुती ईमेल फुकट असतो, भाऊ-बहिणीला लिहायला बरा. धंद्याच्या ईमेलला दर वर्षी पैसे पडतात, पण नावापुढं दुकानाचं नाव लागतं, तोही फोनवरच चालतो, आणि मुख्य म्हणजे पत्रं दुकानाच्या मालकीची राहतात.

"उद्या माणूस सोडून गेला तरी पत्रं कुठं जात नाहीत," अनुप म्हणाला.

सोडून जाणारं माणूस कोण, हे कुणी विचारलं नाही. पण पत्रं तर एकाच माणसाकडे होती, आणि ते माणूस तेव्हा कप गोळा करत होतं.

"किती खाती घेऊ?" अनुपनं विचारलं.

"दोन," खेमराज म्हणाले. "एक माह्यं, एक चंदनचं."

चंदन म्हणजे रीताचा नवरा. माणूस गरीब, कामाला वाघ, पण घरात दोन मोठी माणसं बोलायला लागली की त्याला हमखास बाहेरचं काम निघायचं. आताही निघालं.

"आन् मी, मामाजी?" रीतानं सासऱ्यांना विचारलं.

"तू माह्यातूनच लिव न. घरचीच तं आहेस."

घरच्या माणसाला मजुरी नसते, आभार नसतात, हे रीताला माहीत होतं. नावही नसतं, हे नवीन होतं. तिला वाईट वाटलं, पण त्याहून जास्त राग आला.

त्यात त्या घरची रीत अशी की सुनेनं सासऱ्याचं नाव तोंडानं घ्यायचं नाही. लग्नाला अकरा वर्षं झाली, रीतानं ते कधी उच्चारलं नव्हतं. रेशनच्या रांगेत नाव विचारलं तर ती कार्डावर बोट ठेवायची. आता तेच नाव तिनं रोज दुपारी पत्राखाली लिहायचं होतं. तोंडाला बंदी होती, अंगठ्याला कुणी विचारलं नव्हतं.

अनुपनं जाताना बजावलं की जुन्या ईमेलवरून आता कुणाला काही लिहू नका, गिऱ्हाईक गोंधळतं. त्यामुळं 'आमचा ईमेल बदलला आहे' हे पत्रदेखील नव्याच खात्यातून, खेमराजांच्या नावानं, अकरा दुकानांना गेलं. अनोळखी माणसाचं असलं पत्र कोण खरं मानणार? रीताला हे कळत नव्हतं असं नाही. पण तिला कुणी विचारलं नाही आणि तिनंही आपणहून सांगितलं नाही.

दोन आठवडे गेले. एकाही दुकानाचं उत्तर नाही. पुण्याच्या साठ स्टोलचं सूत रंगवून पडलं होतं, पण दुकानाकडून होकार नव्हता, म्हणून माग थांबले होते. खेमराज दिवसातून चारदा विचारायचे, "आलं का वं काही?" आणि रीता फोन पाहून म्हणायची, "नाई."

शेवटी पुण्याहून फोनच आला. दुकानवाली रुचिता होती. खेमराज खाटेवर बसले होते, सासूबाई शोभाताई चरख्यावर मागासाठी सुताच्या कांड्या भरत होत्या. "स्पीकरवर टाक," खेमराज म्हणाले. तिनं टाकला.

"रीताताई, तुमचा ईमेल कुणी पळवलाय का हो?"

"नाही ताई. का बरं?"

"अहो, कुणी खेमराज म्हणून आहे. लिहितो, यापुढं मला लिहा, ॲडव्हान्स या खात्यात टाका. माझ्या मैत्रिणीला अस्साच एक भामटा भेटला होता. मी उत्तरच दिलं नाही. ओळखता का तुम्ही या माणसाला?"

चरखा थांबला. खेमराजांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता, पण रीतानं तो पाहिला नाही.

"ते माझे सासरे आहेत, ताई. माग त्यांचेच आहेत. पत्र मी लिहिलं होतं."

"तुम्ही? मग त्यावर तुमचं नाव का नाही?"



"विचारून सांगते," रीता म्हणाली आणि तिनं फोन ठेवला. मग सासऱ्यांकडे वळून तिनं खरंच विचारलं, "मामाजी, पुण्याच्या बाई इचारून राहिल्या. माह्यं नाव काहून नाई?"

खेमराजांनी घसा खाकरला. "जुन्यावरूनच लिव न तिले एकडाव. साठ स्टोलचं काम हाय."

"नाई. जुनं माह्यं घरचं आहे. धंद्याचं धंद्यातूनच जाईल, अनुपनंच सांगतलं होतं."

"मंग का काम जाऊ द्यावं?"

"थे तुमी ठरवा. माह्या नावाचं खातं असंन तं लिवते."

आवाज तिनं चढवला नव्हता. पण काम गेलं तर आळ आपल्यावर येणार हे तिला ठाऊक होतं.

मध्येच शोभाताई कडाडल्या. "अडतीस वर्षं झाली मले कांड्या भरता भरता! माह्यं नाव कोनं लिवलं? हिलेच काहून पायजे?"

"तुमचं बी लिवते, आत्याबाई."

शोभाताईंनी हातातली कांडी खाली ठेवली. एवढ्या वर्षांत असं कुणी म्हटलं नव्हतं.

दारात चंदन उभा होता. यावेळी त्याला बाहेरचं काम निघालं नाही. "माह्यं खातं दे न बाबा तिले," तो म्हणाला. "दोन हप्त्यात एक पत्र आलं त्याच्यात, थे बी ईमेलवाल्या कंपनीचंच."

खेमराजांनी रंगवलेल्या सुताकडे पाहिलं. मग म्हणाले, "लाव अनुपले फोन."

अनुपला चंदनच्या खात्याचं नाव बदलायला दहा मिनिटंही लागली नाहीत. रीता जमिनीवर बसली आणि पुण्याला पत्र लिहू लागली. नवा ईमेल आमचाच आहे, भिऊ नका, होकार आला की काम सुरू होईल, असं लिहून झालं. खाली तिनं लिहिलं, 'कांड्या भरणारी: शोभा सोनकुसरे.' त्याखाली, 'पत्र लिहिणारी: रीता सोनकुसरे.' सासरचं आडनाव तिनं पहिल्यांदाच स्वतःच्या नावापुढं पत्रात लिहिलं होतं, आणि ते तिला आवडलं. त्याखाली लिहिलं, 'विणणारे:'

तिथं ती थांबली. उठली आणि तिनं फोन सासऱ्यांपुढं धरला.

"तुमचं नाव मले घेता येत नाई, मामाजी. तुमीच टाका."

अकरा दुकानांच्या पत्रांखाली हेच नाव तिनंच लिहिलं होतं, हे खोलीतल्या सगळ्यांना माहीत होतं. खेमराजांनी चष्मा लावला. फोन डोळ्यांपासून दूर धरून ते एका बोटानं अक्षरं शोधू लागले. 'ख'च्या जागी 'क' उमटला, तो पुसायचा कसा ते त्यांना कळेना. त्यांनी मान वर करून बायकोकडे पाहिलं, मग सुनेकडे. नाव पुरं व्हायला बराच वेळ लागला, आणि तोवर कुणीही त्यांना मदत केली नाही.