तिसऱ्या धुण्यापाशी

रविवारी सकाळी भाचीचा फोन आला तेव्हा मी शेजारच्या मुलांना कंपास न घेता, दोरी आणि खडूने, वर्तुळ काढायला शिकवत होतो.

"मामा, आज कारखान्यात येऊ शकाल का?" तिने विचारलं.

एवढं सभ्य वाक्य ऐकूनच मी ओळखलं की काहीतरी बिनसलं आहे. एरवी ती फोनवर 'काय म्हातारबुवा, कसं काय?' अशीच सुरुवात करते.

"किती वेळा बिघडलं?" मी विचारलं.

"दोनदा."

"आणि मला आज सांगतेस?"

"निरोपाच्या दिवशी तुम्हीच सगळ्यांसमोर म्हणालात ना, आता मी लुडबुड करणार नाही म्हणून. म्हटलं, माणसाला एकदा तरी शब्द पाळू द्यावा."

मी खडू मुलांच्या हवाली केला आणि चप्पल पायात सरकवली.

आमचा कारखाना अल्कोहोलपासून अ‍ॅसिटोन बनवतो. नखांचा रंग पुसायला जे पटकन उडून जाणारं पाणी वापरतात, ते अ‍ॅसिटोन. रंगाच्या, औषधाच्या, प्लास्टिकच्या कारखान्यांना ते पिंपांनी लागतं. अल्कोहोलची वाफ रिअ‍ॅक्टरच्या गरम नळ्यांमधून जाते. नळ्यांत काळ्या गोळ्या ठासून भरलेल्या असतात. त्यांच्या अंगाला घासून जाताना वाफेतला थोडा हायड्रोजन सुटून निघतो, आणि उरतं ते अ‍ॅसिटोन. गोळ्या मात्र होत्या तशाच राहतात. 'मग त्या करतात काय?' असं शेजारची मुलं मला विचारतात. मी सांगतो, तुमची कट्टी झाली की शेजारची काकू येते, एकाचा हात दुसऱ्याच्या हातात देते आणि आपल्या कामाला निघून जाते. काकू होती तेवढीच राहते, खेळ मात्र सुरू होतो. तसंच. पुस्तकात या काकूला उत्प्रेरक म्हणतात.

बहुतेक कारखाने या गोळ्या बाहेरून तयार आणतात. आम्ही आमच्या स्वतःच बनवायचो, कारखान्याच्या मागच्या अंगणातल्या एका शेडमध्ये. तिला सगळे गोळीखाना म्हणत. मी तिथे एकतीस वर्षं काढली. आमच्या गोळ्या चार-चार वर्षं दमत नसत. लोक म्हणत, वस्तादांच्या हाताला गुण आहे. मी तोंडदेखलं नाही म्हणायचो, पण फार जोरात नाही.

मी निवृत्त झालो आणि गोळीखाना भाचीकडे आला. तिला तो माझी भाची म्हणून मिळाला नाही. तिने रसायनशास्त्रात पदवी घेतली होती आणि पाच वर्षं माझ्या हाताखाली माझी बोलणीही खाल्ली होती. गेल्या वर्षी जुनी शेड पाडून नवी बांधली. पांढऱ्या फरशा, मोठ्या खिडक्या, नवी भांडी. भाचीच्या हातचा गोळ्यांचा पहिला घाणा तिथेच निघाला आणि तिथेच फसला. दुसराही फसला.

मी पोचलो तेव्हा ती दारातच उभी होती. मागे पैलवान होता. त्याची उंची पावणेपाच फूट, आणि वाऱ्यावर उभा केला तर धरून ठेवावा लागेल अशी तब्येत. हे नाव त्याला कुणी ठेवलं ते आता कुणालाच आठवत नाही. भट्टीपाशी स्टुलावर अक्का बसली होती. ती भट्टी सांभाळते आणि दिवसाला मोजून दहा वाक्यं बोलते.

"आले," अक्का म्हणाली. दहातलं एक वाक्य संपलं.

"मामा, सरळ सांगते," भाची म्हणाली. "रिअ‍ॅक्टरमधल्या जुन्या गोळ्या थकल्यात. गुरुवारी तो उघडायचा ठरलाय. बुधवारच्या चाचणीत आपल्या गोळ्या पास झाल्या तर आपल्या भरायच्या. नाहीतर मॅनेजरसाहेब बाहेरच्या भरणार आणि गोळीखान्याला कुलूप. पैलवान जाईल पिंपं भरायला, अक्का गेटवर, आणि मी फायली लावायला."

"मला पिंप उचलत नाही," पैलवान म्हणाला. "मीच पिंपात पडेन."

"बिघडतंय नेमकं काय?" मी विचारलं.

तिने मला चाचणीच्या टेबलापाशी नेलं. तिथे मनगटाएवढी जाड स्टीलची नळी असते. तिच्यात मूठभर गोळ्या भरायच्या, तापवायच्या आणि अल्कोहोलची वाफ सोडायची. पातळ काय बनतं ते थंड होऊन बाटलीत उतरतं. उरलेला वायू बर्फातून जाऊन एका बारीक तोटीवर जळतो. त्या ज्योतीवरूनच आम्हाला अर्धी परीक्षा कळते. काम नीट झालं तर वायू म्हणजे हायड्रोजन, आणि त्याची ज्योत उजेडात डोळ्यांना जवळजवळ दिसतच नाही.

"दोन्ही वेळा ज्योत पिवळी," ती म्हणाली. "धूर सोडणारी. आणि बाटलीत निम्मं पाणी. म्हणजे गोळ्या अल्कोहोलमधून हायड्रोजन काढायचा सोडून पाणी काढत बसल्यात. भलताच वायू तयार होतोय. आता तुम्ही नेहमी काय करायचात ते सांगा. जे वहीत लिहिलं नाही ते."

मला मनापासून सांगायचं होतं. पण वहीत नव्हतं असं माझ्याकडे काहीच नव्हतं.

"गुपित नाही गं काही."

"मामा, मी कुणाला सांगणार नाही."

"अगं, असतं तर निरोपाच्या दिवशीच दिलं असतं. मिळालेल्या घड्याळाच्या बदल्यात."

ती हसली नाही. तेव्हा मी तेच केलं जे मुलांचं गणित चुकल्यावर करतो. मी म्हटलं, "उत्तर राहू दे. पहिल्या पायरीपासून करून दाखव. मी मध्ये बोलणार नाही."

"तुम्ही?" अक्का म्हणाली.

मी स्टूल ओढून बसलो. तिसरा घाणा आजच घालायचा होता. पैलवानाने पांढरी अल्युमिनाची भुकटी मोठ्या भांड्यात घातली. भाचीने तांब्याच्या क्षाराचं निळं पाणी ओतलं, भांडं गरम केलं आणि वरून धुण्याच्या सोड्याचं पाणी सोडलं, थेंब थेंब, अजिबात घाई न करता. निळं पाणी हळूहळू फाटलं आणि भुकटीवर हिरवट निळा साका बसला. हात अगदी माझ्यासारखा चालत होता. खरं सांगायचं तर माझ्यापेक्षा बरा. मी शेवटी शेवटी घाई करायचो.

मग त्यांनी साका कापडावर गाळला आणि धुवायला घेतला. चिकटलेला सोडा निघून जावा म्हणून हे धुणं असतं. पैलवानाने नळ सोडला. एक धुणं झालं. पाणी निथळलं. दुसरं झालं. पाणी निथळलं. तिसरं झालं आणि मी नकळत उठून उभा राहिलो.

"काय झालं?" भाचीने विचारलं.

"काही नाही. सवय." पण मी बसलो नाही. माझे कान कशाची तरी वाट पाहत होते. पैलवानाने नळ परत सोडला आणि पाणी आलं. स्वच्छ, भरपूर, बोटाएवढ्या जाड धारेने.

"थांब," मी म्हटलं. "नळ बंद कर. किती वेळा धुता तुम्ही?"

"सात," भाची म्हणाली. "वहीत लिहिलंय 'चांगले धुणे'. इथे शुद्ध पाण्याची लाइन आहे, मीटर आहे. मीटर शुद्ध म्हणेपर्यंत धुतो. दुसऱ्या घाण्याला तर नऊ वेळा धुतलं. म्हटलं, कुठे घाण राहायला नको."

मी मटकन स्टुलावर बसलो आणि मला हसू फुटलं. तिघंही माझ्याकडे बघत राहिली.

"जुन्या शेडच्या छपरावर टाकी होती, आठवते?" मी म्हटलं. "केवढीशी? शुद्ध पाण्याची तेवढी एकच. धुणं मी एकटाच करायचो, तुम्ही कुणी मोजलं नसेल. तिसरं धुणं झालं की ती रिकामी व्हायची. नळ खरखर आवाज करायचा, मी टाकीला दोन शिव्या द्यायचो आणि साका वाळवायला टाकायचो. एकतीस वर्षं. मोठ्या टाकीसाठी मी नऊ अर्ज केलेत."

"अकरा," अक्का म्हणाली. "दोन मी लिहिले होते."

भाची हातातला डाव तसाच धरून उभी राहिली. चेहऱ्यावरून कळत होतं, आत भराभर काहीतरी जुळतंय. अशा वेळी शिकवणाऱ्याने गप्प बसावं, एवढं मला इतक्या वर्षांत समजलंय.

"तीन धुण्यांत सगळा सोडा जात नाही," ती हळूहळू म्हणाली. "थोडा आत राहतो. आणि मामा, या पांढऱ्या भुकटीच्या अंगावर आंबट जागा असतात. आम्लाच्या. अल्कोहोलमधून पाणी ओढून काढायचं काम त्या जागा करतात. उरलेला सोडा त्यांच्यावर जाऊन बसत असणार. त्यांची तोंडं बंद. मग तांबं निवांतपणे आपलं काम करतं. मी धुऊन धुऊन ती तोंडं उघडली."

मला यातलं निम्मंच माहीत होतं. आंबट जागांबद्दल मी तिच्याकडून पहिल्यांदा ऐकत होतो.

"असं असेल," मी म्हटलं. "पण हा माझा अंदाज आणि तुझा तर्क. पुरावा काहीच नाही. नव्या शेडमध्ये भांडी नवी, भट्टी नवी. दोष तिथेही असू शकतो."

"भट्टीला बोलू नका," अक्का म्हणाली.

घाणा एकच होता आणि आणखी एक घालायला वेळ नव्हता. इथे थांबायचं आणि सोडा हे कारण नसेल, तर जादा सोड्याने गोळ्या आणखी बिघडणार. पुढे धुवायचं, तर जे दोनदा झालं तेच तिसऱ्यांदा. भाचीने माझ्याकडे पाहिलं.

"तुम्ही काय केलं असतं?"

"मी निवृत्त आहे."

"मामा."

"खरंच सांगतो, मला माहीत नाही. गोळीखाना तुझा आहे."

ती खिडकीपाशी गेली, परत आली. मग तिने एक वाडगं घेतलं आणि साक्यातून वाडगंभर काढून पैलवानाच्या हातात दिलं. "हे वेगळं. याला आणखी चार वेळा धू. बाकी सगळं इथेच थांबवायचं. तीन धुण्यांवर. वाळवण, गोळ्या, भट्टी, दोन्हींना एकसारखंच. फरक फक्त धुण्याचा."

एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे मी तिला ती परकर नेसायच्या वयात शिकवलं होतं, झाडांच्या कुंड्यांवर. अक्काने माझा चेहरा पाहिला आणि म्हणाली, "फुगू नका."

बुधवारी सकाळी मॅनेजरसाहेब गोळीखान्यात आले. माणूस वाईट नाही, पण घड्याळ बघत बोलतो. भाचीने आधी वाडग्यातल्या, सात वेळा धुतलेल्या गोळ्या लावल्या. हायड्रोजनमध्ये तापवून त्या जाग्या केल्या, मग हायड्रोजन बंद करून अल्कोहोलची वाफ सोडली आणि तोटीला काडी लावली. पिवळी, धुरकट ज्योत डुलायला लागली.

"हेच तर मी पाहतोय दोन महिने," साहेब म्हणाले.

"ही मुद्दाम बिघडवलेली आहे, साहेब," पैलवान म्हणाला.

"आणि न बिघडवलेली?"

"ती आता लागेल."

भाचीने नळी बदलली. तीन धुण्यांच्या गोळ्या आत गेल्या. नळी गरम झाली, गोळ्या जाग्या झाल्या. अक्काने भट्टीकडे पाठ करून पहिल्यांदाच टेबलाकडे तोंड केलं. वाफ सुटली. बाटलीत पहिला थेंब पडला, मग दुसरा. भाचीने तोटीपाशी काडी नेली. बारीकसा फट् आवाज झाला.

आम्ही सगळे वाकून तोटीकडे पाहत होतो. तिथे काहीही नव्हतं.

"पेटली नाही," साहेब म्हणाले. "परत लावा."

भाचीने टेबलावरची एक बारीक तार उचलली. ती तार तिने तोटीवर, त्या रिकाम्या जागेत धरली. तारेचं टोक आधी गडद झालं, मग लाल, मग डाळिंबाच्या दाण्यासारखं लखलखीत.

"पेटली आहे, साहेब," ती म्हणाली.

साहेब आणखी जवळ वाकले. मग त्यांनीही तार मागून घेतली आणि स्वतः धरून पाहिली. एकदा नाही, तीनदा. तेवढा वेळ त्यांनी घड्याळाकडे पाहिलं नाही. पैलवानाने बाटलीतलं पातळ तपासलं. पाणी नावालाच होतं. त्याने आकडा एकदा वाचला, मग मोठ्याने वाचला, मग अक्काच्या कानाशी जाऊन वाचला.

"ऐकलं," अक्का म्हणाली. "उद्याच्या भरणीला भट्टी रिकामी करायला हवी. हला."

साहेब जाताना दारात थांबले. "वस्ताद, शेवटी तुमचं गुपित कामाला आलं म्हणायचं."

मी तोंड उघडणार तेवढ्यात भाचीने माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांत तो जुना खट्याळपणा परत आला होता. माझ्यापुढे दोन मार्ग होते. मी खरा घेतला.

"गुपित टाकीचं होतं, साहेब. मी फक्त शिव्या दिल्या. कारण हिने शोधलं."

साहेबांना ते कितपत कळलं कोण जाणे. ते मान हलवून गेले. भाचीने जुनी वही उघडली, माझ्या अक्षरातल्या 'चांगले धुणे' या शब्दांवर एक सरळ रेघ मारली आणि खाली लिहिलं, 'तीनदाच धुणे.' मग पेन तसंच धरून ती म्हणाली, "आता कारण लिहिते. सोपं करून सांगा, म्हातारबुवा, तुमच्या त्या शेजारच्या मुलांना कळेल असं."

"मी का? तूच सांग. रविवारी येऊन त्यांना सांग, मग जे त्यांना कळेल तेच लिही."

"किती मुलं आहेत?"

"सहा. त्यातली एक फार प्रश्न विचारते."

"मग चहा मोठा ठेवा," भाची म्हणाली आणि कारणाची जागा कोरी सोडून तिने वही मिटली.