नेफा

"मावशी, या वक्ती झेंड्याले नेफा नको शिवू. दोन कड्या लावून दे," प्रेमानंद दारातूनच म्हणाला. विहाराच्या कमिटीत तो नवा, त्यामुळे उत्साह दांडगा. "आता लोखंडी पाइप आला, कप्पी आली. खालून दोरी ओढली का झेंडा वर!"

जनकाबाईंनी मशीन थांबवलं नाही. "नेफाच शिवून राह्यली मी. बांबू जाईल एवढा."

"काऊन वं? बांबू तर काढून ठेवला ना आपण."

काऊन, हे त्याला काय सांगायचं? देऊळघाटच्या विहारावरचा पंचशील ध्वज वर्षानुवर्षं जनकाबाईंच्या हातचा. बुद्धपौर्णिमेला त्यांचा अश्वजित स्लॅबवर चढे, बांबू आडवा करून नेफ्यात घाली, सुतळीने आवळी आणि पुन्हा उभा करी. जहाजावर नोकरीला लागला तरी या दिवसाला तो यायचाच. त्याच्याशिवाय झेंडा बदलत नसे. आता दोरी काय, कुणीही ओढील. मग पोराला बोलवायचं कोणत्या निमित्ताने? खोटं आजारी पडावं, तर प्रकृती मेली ठणठणीत.

संध्याकाळी अश्वजितचा व्हिडिओ कॉल आला. चेहरा पाहूनच त्या समजल्या.

"माय, सुट्टी नाई भेटली."

"राहू दे. तसंही आता तुह्यं काम नाई राह्यलं. दोरी लावली त्यायनं." बोलून गेल्या आणि त्यांना आपलाच राग आला.

अश्वजितने मोबाइल फिरवून जहाजाचा झेंडा दाखवला. "हे पाह्य. इथं बी नेफाच असते. त्याच्यातून दोरी ओवतात, वरच्या टोकाले लाकडाची गुट्टी बांधतात. मंग ती गुट्टी कप्पीच्या दोरीच्या फासात अडकवाची. तुहा नेफा उसवू नको."

"अन् गुट्टी कशाची करू?"

"आपला बांबू हाय ना? त्याचाच तुकडा घे."

पौर्णिमेच्या सकाळी प्रेमानंदने बांबूची गुट्टी फासात अडकवली, खालची गाठ मारली आणि दोरी जनकाबाईंच्या हातात दिली. त्यांनी ओढली. झेंडा सरसर वर गेला. टाळ्या पडल्या.

"पाह्यलं मावशी? किती सोपं झालं!"

"हो. सोपं झालं."

सवयीने त्यांची नजर स्लॅबच्या कठड्याकडे गेली. बांबू उभा केला की तिथून अश्वजित ओरडायचा, "माय, सीधा हाय का?" आणि या खालून हात हलवायच्या. आज कठड्यापाशी कुणी नव्हतं.

वारा सुटला होता. बांबूच्या मापाच्या नेफ्यात बारीकशी दोरी होती, बाकी सगळा वाराच भरत होता. लोक खिरीच्या पातेल्याकडे वळले. जनकाबाई तिथेच उभ्या राहिल्या. कुणी विचारलं नव्हतं, तरी त्यांनी हात वर केला.

"सीधा हाय रे," त्या म्हणाल्या.