रंगूवहिनींचं बोट

आमच्या कामरगावात पत्रिका छापायची तर रामकिसनभाऊंकडेच. माझं शिवणाचं दुकान त्यांच्या भिंतीला लागून, त्यामुळे त्यांचा संसार मी अर्धाअधिक कानांनीच पाहिलाय. शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवून छापायचे दिवस होते तेव्हा भाऊ ओळ लावायचे आणि रंगूवहिनी खणातून अक्षरं काढून द्यायच्या. "वेलांटी दे वं," म्हणायचा अवकाश, हातात वेलांटी. काय दिवस होते ते. मी नवी सून होते, आणि नवराबायकोने असं एका कामात हात घालावा याचा मला हेवा वाटायचा. अजूनही वाटतो, खोटं कशाला बोलू.

मग लॅपटॉप आला, लिनक्स घातलेला, सगळं मराठीत. तरी जोडी फुटली नाही. माऊस भाऊंच्या हातात, टचपॅडवर वहिनींचं बोट. गणपती जरा डावीकडे, नवरीचं नाव जरा खाली. दोघांची ओढाताण चालायची, पण पत्रिका देखणी निघायची.

घोळ केला भाऊंच्या मनगटाने. टाईप करताना ते टचपॅडवर टेकायचं आणि कर्सर भलतीकडेच उडी मारायचा. एकदा पडद्यावर शेजारी शेजारी दोन पत्रिका होत्या, एक लग्नाची, एक तेरवीची. भाऊ लिहीत होते लग्नात, उमटलं तेरवीत. छापून वाटूनही झालं. मग तेरवीवाल्या घरचा भाऊसिंग पत्रिका घेऊन दारात उभा. 'शोकाकुल परिवार'च्या खाली ओळ होती, 'आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं!'

"माया बापाच्या तेरवीत मामाचं लगन काहून लावलं?"

मी तोंडात पदर कोंबला. हसायची वेळ नव्हती.

भाऊंनी कॉम्प्युटरवाल्या संघदीपला बोलावलं. त्याने सेटिंगमध्ये एक खूण केली आणि गेला. वहिनी आल्या, बोट फिरवलं, तर काही हलेना. पडद्यावर सेटिंगची खिडकी उघडीच होती. 'बाह्य माऊस जोडल्यास टचपॅड निष्क्रिय करा.'

"निष्क्रिय," वहिनी म्हणाल्या. "इतके वर्सं हात लावला, आन् आता मी निष्क्रिय." उठल्या आणि घरी गेल्या.

त्यानंतर त्या दुकानाची पायरी चढेनात. भाऊ एकटेच बसायचे. चूक एकही होत नव्हती, पण पत्रिका सरकारी नोटिशीसारख्या दिसायच्या आणि भाऊंचं तोंडही तसंच. मला राहवेना. ब्लाउजच्या मापाचं निमित्त करून वहिनींना बोलावलं आणि हाताला धरून पलीकडे नेलं.

भाऊंनी तीच ओळ उघडली.

"पुरी वाच. पयला शब्द काय हाये?"

"बाह्य."

"म्हंजे बाहेरचा. बाहेरचा तं मी हाय वं. मले काढलं का तू चालतेच." आणि त्यांनी माऊसची पिन उपटली.

वहिनींनी बोट टेकवलं. बाण हलला. 

"ते खूण काढा, आन् लावा तो माऊस परत," त्या म्हणाल्या. "मनगट तेवढं वर धरत जा. एकटीले मले नाई करमत."