बशीतलं लिंबू

बहात्तरच्या दुष्काळात शिरूर कासारच्या हिरी कोरड्या पडल्या अन् निम्मं गाव ऊसतोडीला निघालं. कारखान्याच्या टायरगाडीत जातं चढवताना कौशल्याबाईचा उजवा खांदा निसटला.

नवरा धुळाजी जन्माचा गाडीवान. त्याला वाटलं, चाक आखावरून सुटावं तसंच हे. त्यानं तिचं मनगट धरून हात सरळ आत रेटला. बाई वरडली न्हाई, पांढरीफक पडली.

मुकादम भगवानराव बघत हुता. नवरा-बायको मिळून एक कोयता, अर्धा कोयता मी नेत न्हाई, सकाळपस्तोर सांग, म्हणाला. अन् गावात ऱ्हावं तर प्यायला पाणी न्हवतं.

सरकारी दवाखान्यात धुळाजीनं चाक-आखाचं सांगितलं, तशी डॉक्टरीण आधी त्याच्यावर लई तापली. मग तिनं कौशल्याबाईचा हात कोपरात दुमडला अन् झोपल्या लेकराचा उचलावा तसा हळूहळू बाहेर फिरवला. आत खट् झालं. बाईनं डोळे उघडले.

"आख एका जागी फिरतो," डॉक्टरीण म्हणाली. "खांदा म्हणजे बशीत ठेवलेलं लिंबू. चारी अंगांनी फिरतो, म्हणूनच निसटतो."

धुळाजी तिथंच बसला. मग कोपर, त्यानं विचारलं. ते दाराच्या बिजागरीवानी, एकाच अंगाला, ती म्हणाली. मान जात्यासारखी, खुंट्याभवती फिरती. अन् डोक्याची हाडं गोधडीसारखी शिवलेली, हालतच न्हाईत. धुळाजीनं आपलंच डोकं चाचपलं. इतकी वरसं हे सगळं अंगावर वागवलं, कधी वंगण घातलं न्हाई, तरी कुरकुरलं न्हाई.

हात गळ्यात बांधायचा, मोळी उचलायची न्हाई, असं ठरलं. धुळाजी मुकादमाकडं गेला. ती डाव्या हातानं बैल हाकील, तोडणं-भरणं माझ्याकडं, म्हणाला. भगवानराव सुपारी चावत म्हणाला, "काम मागं पडलं तर वाटंतच उतरवीन."

सकाळी गाड्या जुपल्या. कौशल्याबाईला येका हातानं येणी घालता येईना, म्हणून धुळाजी तिच्या मागं बसला. शेजारच्या गाडीवरचा बंकट हसला, "काय रं धुळ्या, बाया संपल्या व्हय गावातल्या?"

धुळाजीनं ऐकलंच न्हाई. तीन पेड धरले हुते अन् तो आपल्या बोटांकडं बघत हुता. पेरापेराला बिजागरी. मनगट वळतंय, खांदा त्याच्या बशीत गपगुमान फिरतोय, कुणी हुकूम सोडलाय म्हणून न्हाई. एवढी गाडी कुणी जुपली आसंल?

"आवं, वढा की," कौशल्याबाई म्हणाली. "बैल खोळंबलेत."

त्यानं पेड वढला, पर लई हळू. मग कासरा तिच्या डाव्या हातात दिला.